आभार कोणाकोणाचे

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलेस, "आजी, शस्त्रे बनवणाऱ्या कंपन्या सरकारकडून आपल्याला हवे ते धोरण कसे करून घेतात? माझा प्रकल्प आहे त्यावर." मागून तुझा भाऊ म्हणाला की हे आजीला कशाला विचारतेस, तिच्या गावात चादरी बनतात. चादरी बनतात हे खरे आहे. पण तुझा प्रश्न एकदा गार हवेच्या मोठ्या गाडीत बसून आमच्या सोलापुरातही येऊन गेला, आणि त्याचे रीतसर आभार मानण्याचे काम माझ्याकडे आले होते. ते कसे घडले ते क्रमाने लिहिते. मी क्रम सोडला की तुम्ही दोघे फोन कानापासून लांब धरता. तुमचा समज असा आहे की ते मला दिसत नाही.

आमच्या पेठेतल्या वाचनालयाची दर वर्षी थंडीत व्याख्यानमाला असते. तुम्ही ती कधी पाहिली नाही म्हणून सांगते. आठवडाभर रोज संध्याकाळी वाचनालयाच्या पटांगणात मंडप घालतात, शेदोनशे माणसे लोखंडी खुर्च्यांवर बसतात आणि एक माणूस दीड तास बोलतो. कोणी जबरदस्ती करत नाही, हजेरी घेत नाही, तरी लोक येतात. तुमच्या देशात बहुधा याला शिक्षा म्हणतील. प्रास्ताविक, परिचय, व्याख्यान, अध्यक्षांचे चार शब्द, आभार आणि राष्ट्रगीत असा क्रम ठरलेला आहे. मुलींच्या शाळेतून इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून आभार माझ्याकडे आहेत. इंग्रजी शिकवलेल्या बाईला मराठीत आभार का मानायला लावतात हे मी विचारले नाही. बोलायला संधी मिळत होती.

आभार म्हणजे लोक चपला शोधू लागतात ती वेळ. पण आमच्याकडे आभार सोपे नाहीत. एका वर्षी माझ्या आधीच्या गृहस्थांनी दिवे देणाऱ्याचे नाव घेतले नाही. दुसऱ्या दिवशी वक्ते बोलायला उभे राहिले आणि तो शांतपणे येऊन दिवे घेऊन गेला. तेव्हापासून नियम असा पडला की ज्याचे काही आले, त्याचे नाव आलेच पाहिजे. सतरंजी कोणाची, फुले कोणाची, वक्त्यांना स्टेशनवरून कोणी आणले, रात्री कोणाकडे जेवले, हे सगळे मी आधी विचारून घेते आणि कागदाशिवाय म्हणते. तेवढी एक ऐट मी ठेवली आहे.

वाचनालयाचे अध्यक्ष अप्पा. त्यांचा डाळींचा घाऊक व्यापार आहे. घरी कन्नड, दुकानात मराठी, आणि भाव पाडताना दोन्ही. व्याख्यानमाला त्यांच्या वडिलांनी सुरू केली. त्या वर्षी तिचे पंच्याहत्तरावे वर्ष होते आणि मंडपाला देणगीदार मिळत नव्हता. पूर्वी पेठेतला प्रत्येक व्यापारी एकेक व्याख्यान उचलायचा. आता व्यापाऱ्यांची मुले वाढदिवसाचे फ्लेक्स लावतात. फ्लेक्सवर स्वतःचा फोटो येतो, व्याख्यानात दुसऱ्याचा येतो, तेव्हा त्यांचेही चुकले म्हणता येत नाही. अप्पा मला म्हणाले होते, "बाई, वडिलांनी चालू केलं, मी पंच्याहत्तराव्या वर्षी बंद केलं, असं लिहायचं का माझ्या फोटोखाली?"

अशा वेळी तो तरुण आला. चांगला शिकलेला, पुण्याचा, बोलणे गोड. सुरक्षेविषयी जनजागृती करणाऱ्या एका फोरमकडून आलो आहे असे त्याने सांगितले. सातही दिवसांचा खर्च फोरम करेल, बाहेरगावच्या वक्त्यांची तिकिटेसुद्धा. त्यांचे व्याख्यान फक्त एक, पहिल्या दिवशी, विषय "राष्ट्रीय सुरक्षा आणि सोलापूर". वक्ते संरक्षण दलातले निवृत्त मोठे अधिकारी. आणि शेवटी एक लहानसा ठराव.

"कसला ठराव?" अप्पांनी विचारले.

"काही नाही सर, नागरिकांच्या भावना."

अप्पांचा चेहरा इतका उजळला होता की भावना कसल्या हे त्यांनी विचारले नाही. "नोडोण," म्हणाले, म्हणजे बघू. अप्पा "नोडोण" म्हणाले की सौदा झाला असे बाजारात समजतात.

ठराव दुसऱ्याच दिवशी ईमेलने आला. इंग्रजी एकदा नजरेखालून घाला, असे मला सांगण्यात आले. इंग्रजीत काही चूक नव्हती. "आम्ही सोलापूरचे नागरिक आजचे विचार ऐकून उत्स्फूर्तपणे मागणी करतो की" अशी सुरुवात होती. व्याख्यानाला पंधरवडा अवकाश होता. मागणी अशी की शत्रूची ड्रोन हुडकून पाडणारा मनोरा सीमेवरच नव्हे तर देशाच्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असावा, तसे धोरण सरकारने ताबडतोब करावे, आणि त्याची सुरुवात सोलापूरपासून व्हावी. सोलापूरपासून सगळ्यात जवळची सीमा कर्नाटकाची. तिकडून आमच्याकडे केळी आणि जावई येतात.

मी ठराव बाजूला ठेवला आणि माझ्या कामाला लागले. माझे काम आभारांचे. त्या तरुणाला वाचनालयात गाठले आणि नेहमीप्रमाणे विचारले.

"साहेबांना आणायला गाडी कोणाची?"

"आमची."

"आमची म्हणजे फोरमची?"

"हो मॅडम."

"विमानाचे तिकीट?"

"ते दिल्लीच्या अभ्याससंस्थेने काढलंय."

"आणि हॉटेल?"

"ते बहुतेक ट्रस्टकडून." त्याने हात जोडले. "मॅडम, एवढं कशाला? 'सर्व ज्ञात-अज्ञात हितचिंतक' म्हणून टाका."

"अज्ञातमध्ये आम्ही खुर्च्या उचलणाऱ्यांना घालतो, आणि तेही बरोबर नाही. तुम्हाला कसे घालू? फोरमचे अध्यक्ष कोण?"

"साहेबच आहेत."

"म्हणजे वक्तेच. आणि तुमचा पगार कोण देते?"

तो हसला. "मॅडम, माझे आभार नकोत."

"नको म्हणणाऱ्याचे आधी मानावे लागतात. नंतर तेच जास्त रुसतात."

बाकीचे त्याने सांगितले नाही म्हणून मला शोधावे लागले. तुमच्या बाबांनी दिलेला टॅब मी तोपर्यंत फक्त तुमचे फोटो बघायला वापरत होते. त्यावर दुपारचा चहा घेता घेता वाचत गेले. यात हुशारी काही लागत नाही, फक्त चिकाटी आणि चष्मा लागतो. या मंडळींनी लपवलेले काहीच नसते. सगळे छापलेले असते, पण ते इंग्रजीत आणि इतके कंटाळवाणे की कोणी वाचू नये. तीस वर्षे नववीचे निबंध तपासलेल्या बाईला आणखी कोण कंटाळा आणणार?

फोरमच्या संकेतस्थळावर खाली बारीक अक्षरात त्या अभ्याससंस्थेचे नाव होते. अभ्याससंस्थेच्या पानावर ट्रस्टचे. आणि ट्रस्ट एका कंपनीने काढलेला, जी तोफांचे सुटे भाग करते आणि अलीकडे ड्रोन पाडणारे मनोरे करते. चौघांचा पत्ता एकाच इमारतीचा, मजले वेगळे. कंपनीच्या वार्षिक अहवालात जिल्ह्याजिल्ह्यांतून "अनुकूल जनमत घडवण्याचा" उल्लेख अभिमानाने केला होता, भागधारकांसाठी. अहवालात सल्लागारांचे फोटो होते. दुसऱ्या फोटोत साहेब.

मग सरकारने लोकांच्या सूचनांसाठी खुला केलेला धोरणाचा मसुदा उघडला. तो ज्या समितीने तयार केला तिच्या सदस्यांतही साहेब होते, तिथे त्यांच्या नावापुढे "स्वतंत्र तज्ज्ञ" असे लिहिलेले. मसुद्यात मनोरा कसा हवा याचे वर्णन होते आणि कंपनीच्या माहितीपुस्तिकेत मनोरा कसा आहे याचे. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. एका बाकावर बसलेल्या दोन मुलींचे पेपर मी असेच ठेवायची. उंची तीच, पल्ला तोच, वाक्यांचा क्रम तोच. मनोऱ्याला राखाडी रंग हवा, आणि तो कोणता राखाडी, इथपर्यंत सरकारचे आणि कंपनीचे एकमत झाले होते. नवराबायकोचे भिंतीच्या रंगावर इतके एकमत मी पाहिलेले नाही.

तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे सापडले. कंपनी वस्तू बनवते. कंपनीचा माणूस समितीत बसून ती वस्तू देशाला हवी असे लिहितो. मग तोच गावोगाव जाऊन लोकांना सांगतो की ती तुम्हाला हवी आहे. लोक "हवी" म्हणतात, तो ते ऐकून दिल्लीला कळवतो, आणि दिल्लीत ते ऐकून घ्यायलाही तोच बसलेला असतो. यात पाकीट, अंधार, काळा चष्मा असे काही लागत नाही. मंडप लागतो, आणि तो आमच्याकडे होता.

मी अप्पांच्या दुकानात गेले. तुरीच्या पोत्यांमध्ये त्यांची गादी आहे. मला खुर्ची देतात. सगळे सांगितले. ते मूठभर डाळ या हातातून त्या हातात ओतत ऐकत होते.

"बाई, हे समदं बोलायलाच पाहिजे का?"

"मी काहीच बोलणार नाही अप्पा. फक्त आभार मानणार."

"ते तर त्याहून वाईट."

"मग कोणाला गाळू ते तुम्ही सांगा. मंडपवाल्याला गाळू?"

"त्याला नको. तो चिडतो."

"मग कंपनीला?"

"पैसा तर तीच देणार की."

"म्हणून तर आभार."

अप्पा हसले नाहीत. मला वाटले होते हसतील. "तुम्हाला सोपं आहे," ते म्हणाले. "तुम्ही दहा मिनिटं बोलून घरी जाणार. उद्या चेक आला नाही तर उरलेल्या सहा दिवसांचं काय? ही माळ बंद पडली तर बाईंनी पाडली असं कुणी म्हणणार नाही. अप्पानं पाडली म्हणणार."

हे खरे होते. मी उठले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आभार तुमचं खातं. मी त्यात हात घालत नाही." परवानगी होती की नाराजी, मला कळले नाही.

व्याख्यानाला गर्दी चांगली झाली. साहेब खरेच रुबाबदार होते, पाठ ताठ, आवाज घुमणारा. त्यांनी आयुष्यभर केलेल्या नोकरीबद्दल मला तेव्हाही आदर होता, आजही आहे. त्यांनी पडद्यावर देशाचा नकाशा दाखवला. त्यावर धोक्याच्या ठिकाणांना लाल वर्तुळे होती, आणि एक वर्तुळ सोलापूरला होते.

साहेबांना वाटले असेल लोक घाबरतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे काही यायचे म्हटले की ते पुण्याला जाते, ही आमची जुनी जखम आहे. शत्रूने तरी पुण्याबरोबर आम्हाला धरले, याचा मंडपात आनंद पसरला. सांगोल्याहून लेकीकडे आलेले एक गृहस्थ माझ्यामागे बसले होते. "सांगोल्याला का नाही वर्तुळ?" असे ते शेजाऱ्याला विचारत होते. "तिथं काय हाय?" शेजारी म्हणाला. "डाळिंब हाय की," ते दुखावून म्हणाले.

प्रश्नोत्तरांत पुढच्या रांगेतला टॉवेल कारखानदार उठला. घरी तेलुगू बोलणारे विणकरांचे कुटुंब, त्याच्या दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकल्या.

"साहेब, संक्रांतीत पतंग उडत्यात. तुमचा मनोरा पतंग पाडंल का?"

"नाही, यंत्रणा फरक ओळखते."

"अन् नळाला पाणी कवा सुटणार ते सांगंल का? आमच्याकडं त्याचाच नेम न्हाई."

"हे संरक्षणाचे यंत्र आहे," साहेब म्हणाले.

"पाण्यावरनंच हितं लढाया होत्यात की."

लोक हसले, साहेबही हसले. हसणारा माणूस वाईट वाटत नाही, हे त्यांचे खरे शस्त्र होते. अप्पांनी चार शब्द बोलताना पंच्याहत्तर वर्षांचा आढावा घेतला आणि ठरावाचे नाव काढले नाही. ते खाली बसताना मी उठले.

व्यासपीठावरून बोलणाऱ्याला एक गोष्ट दिसते जी श्रोत्यांना दिसत नाही, ती म्हणजे श्रोत्यांच्या मागे काय चालले आहे ते. मी माईकपाशी गेले तेव्हा मंडपाच्या मागच्या कनातीवर त्या तरुणाची माणसे एक लांबलचक फलक उलगडत होती. त्यावर लिहिले होते, "मनोऱ्यासाठी सोलापूर एकमुखाने उभे आहे." व्यासपीठाच्या कडेला छायाचित्रकार कॅमेरा त्याच दिशेला लावून बसला होता. मग माझ्या लक्षात आले. ठरावावर हात वर करून घ्यायची त्यांना गरजच नव्हती. आभारांनंतर राष्ट्रगीत असते. राष्ट्रगीताला सगळे उभे राहतात.

मी आभार सुरू केले. मंडपवाला, माईकवाला, फुले, चहा, पोलीस चौकी, सगळ्यांची नावे घेतली. मग म्हणाले:

"आजचे वक्ते आपल्यासाठी वेळ काढून आले, त्यांचे आभार. त्यांना ज्या फोरमने पाठवले त्या फोरमचे आभार, आणि फोरमचे अध्यक्ष म्हणून साहेबांचे पुन्हा आभार. तिकीट अभ्याससंस्थेने काढले, तिथे साहेब मानद अभ्यासक आहेत, म्हणून त्यांचे तिसऱ्यांदा आभार."

पुढच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले. मी हसले नाही. आभार मानताना हसू नये.

"हॉटेलचा खर्च ट्रस्टने केला. ट्रस्ट मनोरे बनवणाऱ्या कंपनीचा आहे, साहेब त्या कंपनीचे सल्लागार आहेत, त्या नात्याने त्यांचे आभार. मनोरे सर्वत्र लावावेत असा मसुदा ज्या सरकारी समितीने केला तिचेही साहेब सदस्य आहेत. एका माणसाने इतक्या खुर्च्यांवर बसायचे आणि पाठ इतकी ताठ ठेवायची, हे सोपे नाही. कंपनीने आपली माहितीपुस्तिका मसुद्याच्या आधी छापली, त्यामुळे समितीला वर्णन नव्याने लिहिण्याचे कष्ट पडले नाहीत, त्याबद्दल कंपनीचे आभार. आणि आज आपल्या मनात ज्या भावना उत्स्फूर्तपणे येणार होत्या, त्या पंधरवड्यापूर्वीच टाईप करून पाठवल्याबद्दल या तरुण मित्राचे आभार. कोणाचे नाव राहिले असेल तर क्षमा असावी."

टाळ्या पडल्या नाहीत. चपला शोधणारे थांबले होते. टॉवेलवाला बसल्या जागेवरूनच म्हणाला, "म्हंजे मागणी लिवायची तुमीच, माल तुमचाच, अन् पसंती तेवढी आमच्याकडनं व्हय? आमी टॉवेल इकतो तवा गिऱ्हाईक तरी दुसरं असतंय."

साहेबांचा चेहरा शांत होता. त्यांनी घड्याळ पाहिले. तो तरुण मात्र पायऱ्या चढून माईकपाशी आला आणि हसत म्हणाला, "आजींनी फार छान आभार मानले. आता राष्ट्रगीतासाठी सर्वांनी कृपया उभे राहावे." लोक उठू लागले, खुर्च्या वाजल्या, कॅमेरेवाल्याने डोळा लावला.

अप्पा उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, गुडघे दुखतात. त्यांनी माईक त्या तरुणाच्या हातातून घेतला. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि ते मागच्या फलकाकडे. वाचायला त्यांना जितका वेळ लागायला हवा होता त्याहून जास्त लागला. मला वाटते त्या वेळात ते उरलेले सहा दिवस मोजत असतील.

"थांबा," ते म्हणाले. "राष्ट्रगीत म्हणू. पण आधी समद्यांनी मागं वळा आणि तुमच्या नावानं काय लिहिलंय ते वाचा."

सगळा मंडप वळला. नेमक्या त्या क्षणी छायाचित्रकाराने बटण दाबले, लोक उभे राहिले की दाब, असे त्याला सांगूनच ठेवले असावे. वाचून झाल्यावर गडबड सुरू झाली. कोणी म्हणाले राहू द्या, कोणी म्हणाले काढा. सांगोल्याचे गृहस्थ म्हणत होते की आम्ही तर पाहुणे आहोत, आम्हाला का धरले. तेवढ्यात मंडपवाला मागे जाऊन कनातीच्या दोरीला हात घालून उभा राहिला.

"कनात माझी हाय," तो त्या तरुणाच्या माणसांना म्हणाला. "तिला काय टांगायचं ते मला इचारून. उतरवा की फाडू?"

त्यांनी फलक उतरवला. मग सगळे पुन्हा वळले, सरळ उभे राहिले आणि राष्ट्रगीत झाले. इतक्या खड्या आवाजात ते आमच्या मंडपात कधी झाले नव्हते. साहेबांचा आवाज सगळ्यांत चांगला होता, हे सांगायला हवे. जाताना ते मला म्हणाले, "मॅडम, यू आर व्हेरी थरो. फार चोख काम." मी त्यांचे आभार मानले.

चेक आला नाही. दुसऱ्या दिवशी मंडपही गेला, कारण मंडपवाल्याला लग्नाची ऑर्डर होती आणि आमच्याकडे त्याला थांबवायला काही नव्हते. दूरच्या दोन वक्त्यांनी तिकिटाशिवाय येणे जमणार नाही असे कळवले. उरलेली व्याख्याने वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या टेबलांभोवती झाली. एका संध्याकाळी वक्ताच नव्हता. विषय "जागतिकीकरण" होता. अप्पा स्वतः उभे राहिले आणि डाळीवर बोलले. विषय बदलल्याची तक्रार कोणी केली नाही. मात्र त्या आठवड्यात ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. "झालं तुमच्या मनासारखं?" असे त्यांनी एकदा विचारले, रागाने नव्हे, पण विचारले.

पुढे फोरमच्या गुळगुळीत नियतकालिकात तो फोटो छापून आला. सोलापूरकरांच्या शेदोनशे पाठी, टकले, अंबाडे, कानटोप्या. खाली लिहिले होते, "सोलापूरचे नागरिक मनोऱ्याच्या मागणीचा फलक उत्सुकतेने वाचताना." यात एक शब्दही खोटा नव्हता. तुझ्या प्रकल्पात हे जरूर घाल.

मी तो अप्पांना दाखवला. ते बराच वेळ त्या पाठींमध्ये ओळखीचे शोधत राहिले. मग म्हणाले, "बाई, दिल्लीला कळवा. माळेचं नाव घालून कळवा." सूचनांसाठी खुल्या असलेल्या त्या सरकारी संकेतस्थळावर मी लिहिले की या व्यासपीठावरून असा कोणताही ठराव झालेला नाही. पाठवताक्षणी उत्तर आले. आपण दिलेल्या मोलाच्या पाठिंब्याबद्दल आभार, असे त्यात होते. हे उत्तर यंत्र देते. विरोध लिहा, पाठिंबा लिहा, आभार तेच. मी पुन्हा लिहिले, पुन्हा आभार आले. या कामात माझ्याहून कोणी पुढे आहे हे मला प्रथमच कळले. धोरणाचा मसुदा अजून विचाराधीन आहे. मनोरा आलेला नाही, पाण्याचाही नेम नाही.

दुसऱ्या वर्षी अप्पांनी मला दुकानात बोलावले. माळ बंद करणार असे सांगतील म्हणून मी मनाची तयारी करून गेले. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि म्हणाले, "यंदा मंडप नाही. वाचनालयातच करू. चहा माझा. वक्ते एसटीनं येतील तेवढेच बोलवायचे. आणि आभार आधी."

"आधी म्हणजे?"

"व्याख्यानाच्या आधी. कुणाचं मीठ खाऊन बोलतोय ते आधी कळू दे, मग ऐकू द्या काय ऐकायचं ते."

आता आमच्याकडे तसेच आहे. आधी मी सांगते कोण कशाने आले, कोणी काय दिले, वक्ते कोणाच्या पगारावर आहेत. वक्ते जरा अवघडतात, मग सवय होते. येणारी माणसे पूर्वीच्या निम्मी आहेत.

एक अडचण मात्र आम्ही धरली नव्हती. व्याख्यानाआधी आभार असतात हे पेठेत सगळ्यांना कळले, तेव्हापासून लोक आभार संपल्यावरच येतात. घड्याळ लावून उशीर करतात. मी रिकाम्या खुर्च्यांना सगळे सांगते आणि वक्ते उभे राहिले की माणसांची रीघ लागते.

म्हणून यंदा अप्पा व्यासपीठावर बसत नाहीत. दारात स्टूल टाकून बसतात, गुडघ्यावर शाल. उशिरा येणाऱ्याला काठी आडवी धरून थांबवतात. "चहा माझा," हळू आवाजात सांगतात, आत व्याख्यान चालू असते म्हणून. "वक्ते बियाण्याच्या कंपनीत नोकरीला आहेत, एसटीचं तिकीट त्यांचं त्यांनी काढलंय. कळलं? आता जा, बसा." टॉवेलवाल्यालाही सोडत नाहीत. तो म्हणतो, "अप्पा, कालच सांगितलं की." अप्पा म्हणतात, "काल दुसरे होते."